माळ्यावर उदबत्तीचा वास

बर्फाच्या पागोळ्यांचे फोटो मला पाठवत जाऊ नका, असं मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकदा स्पष्ट लिहिलं होतं. काही जणांना ते लागलं. पण मी तरी काय करणार? जानेवारीत बर्फ पडून गेला आणि ऊन निघालं की आपली मंडळी जॅकेटं चढवून बाहेर येतात, घराच्या वळचणीला लटकलेल्या हातभर पागोळ्यांखाली उभी राहतात आणि फोटो भारतात पाठवतात. तिकडून आत्या, मामा, जुने शेजारी सगळे कौतुक करतात. मी तोच फोटो बघते आणि कुठल्या खोलीचं छत गळणार याचा अंदाज बांधते. अंदाज सहसा चुकत नाही, आणि बरोबर आला म्हणून कुणी माझ्यावर खूशही होत नाही.

न्यू जर्सीत मी निम्मं आयुष्य लोकांची छपरं तपासण्यात घालवलं. कराडहून लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती, जिचा इथे कुणालाच उपयोग नव्हता. छपरं घालणाऱ्या एका कंपनीत फोन उचलायचं काम मिळालं. देसी गिऱ्हाइकं तावातावाने तक्रार सांगत आणि आमच्या मालकाला त्यातलं निम्मं कळत नसे, म्हणून तो मला बरोबर नेऊ लागला. मग मी शिडी चढू लागले, परीक्षा दिल्या आणि एकटी जाऊ लागले. दारात मला पाहून "साहेब मागून येतायत का?" असं विचारणारे पुष्कळ भेटले. मी त्यांना उत्तर देत नसे. गाडीवरची शिडी उतरवायला घेतली की त्यांना समजायचं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप केला आणि मी काम सोडलं.

या धंद्यातली मुख्य गोष्ट सांगते, कारण पुढचं तिच्यावाचून कळणार नाही. इथली घरं लाकडाची. उतरतं छप्पर, त्यावर शिंगल्स म्हणजे डांबराच्या चपट्या कौलांसारखे तुकडे, त्याखाली प्लायवूड, त्याखाली रिकामा माळा, आणि माळ्याखाली आपल्या खोल्यांचं छत. हिवाळ्यात आपण खोल्या गरम करतो. गरम हवा फट मिळेल तिथून माळ्यावर जाते. छप्पर आतून कोमट होतं आणि वरचा बर्फ तळातून वितळायला लागतो. पाणी उताराने खाली येतं. पण छपराची कड, आपली वळचण, भिंतीच्या बाहेर आलेली असते. तिच्याखाली घर नसतं, नुसती थंडी असते. तिथे पोचलं की पाणी पुन्हा गोठतं. असं थोडं थोडं गोठून कडेला बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्याला अडतं, साचतं आणि शिंगल्सच्या खालून उलटं वर चढतं. शिंगल्स वरून येणारं पाणी अडवतात. खालून चढणाऱ्या पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही. खिळ्यांच्या भोकांतून ते आत शिरतं. पागोळ्या म्हणजे त्या बांधावरून सांडलेलं जास्तीचं पाणी.

तेव्हा उपाय एकच. माळा थंड ठेवायचा. खोल्यांच्या छतावर इन्सुलेशनचा, म्हणजे ऊब अडवणाऱ्या काचतंतूंच्या कापसाचा, जाड थर घालायचा, फटी बुजवायच्या, आणि माळ्यावर मात्र वळचणीपासून आढ्यापर्यंत बाहेरची गार हवा खेळू द्यायची. हे आपल्या लोकांना पटवताना माझ्या नाकी नऊ येत. खाली घर गरम करायचं आणि डोक्यावर मुद्दाम थंडी पाळायची, हे कुणाच्या बुद्धीला रुचत नाही. एडिसन गावातल्या एका डॉक्टर जोडप्याने बर्फ वितळावा म्हणून माळ्यावर हीटर लावला होता. बर्फ वितळला, वळचणीला जाऊन गोठला, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवरून पाणी उतरलं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "मग आणखी एक हीटर लावू का?" मी कपाळाला हात लावला. दुसरे एक गृहस्थ खिडकीतून हात काढून छपरावर खडेमीठ फेकायचे. बांध हलला नाही, खालची गुलाबाची झाडं मात्र मेली. त्यांच्या बायकोने ती झाडं माझ्या खात्यावर टाकली, कारण मी वेळेवर आले नाही.

आमचं काम चांगलं झालं की दिसत नाही, हे या धंद्याचं दुखणं आहे. यंदा छत गळलं नाही, असं सांगायला कुणी फोन करत नाही. फोन येतो तो बादली लावल्यावरच. पण हे सगळं मी गमतीने सांगू शकते. पिस्कॅटवे गावातल्या एका घराचं तसं सांगता येत नाही. त्या घरातल्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

फेब्रुवारीत सकाळी ऑफिसात समीर खानझोडेचा फोन आला. मंडळात तोंडओळख होती. मुलगा शांत स्वभावाचा, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला होता.

"मावशी, रूफ नवीन आहे. तुमच्याच लोकांनी केलंय. दुसराच विंटर आहे आणि सीलिंग खाली आलंय. रियाच्या बेडवर. पिलोवर. यू अंडरस्टँड?"

रिया त्याची मुलगी. शाळेत नुकतीच जाऊ लागलेली.

"ती कुठे होती?" मी विचारलं.

"ताप होता म्हणून आमच्या रूममध्ये झोपली होती. लक. दुसरं काही नाही. तुमच्या क्रूने काहीतरी गडबड केलीय आणि मला ते रायटिंगमध्ये पाहिजे."

ते छप्पर मॅन्युएलच्या टोळीने घातलं होतं. मॅन्युएल इक्वाडोरचा, आमच्याकडचा सर्वांत चांगला कारागीर. मालक त्याला एवढंच म्हणाला, "तुझं काम वाईट निघालं तर मी तुला ठेवू शकणार नाही." मी त्याला बरोबर घेतलं. अख्ख्या रस्त्यात तो नुसता स्वतःच्या हातांकडे बघत बसला होता.

त्यांच्या गल्लीत वळलो आणि मी गाडी हळू केली. आदल्या दिवशी ताजा बर्फ पडला होता. सगळ्या गल्लीतली छपरं पांढरीशुभ्र. खानझोड्यांच्या छपरावर मात्र मागच्या बाजूला एक मोठा काळा डाग उघडा पडला होता, आणि त्याच्या बरोबर खाली, वळचणीला, बर्फाचा जाडजूड बांध. मॅन्युएलने बोट दाखवलं. खालून काहीतरी तापत होतं, आणि तेही एकाच जागी.

दार समीरच्या वडिलांनी उघडलं. खानझोडे काका नागपूरचे, पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर समीरने त्यांना इकडे कायमचं आणलं. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, हातात काठी. समीर वर आपल्या खोलीत कॉलवर होता, सूनबाई कामावर. काकांनी मला वरच्या मजल्यावर रियाच्या खोलीपर्यंत नेलं, पण स्वतः आत आले नाहीत. उंबरठ्यावर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

छतात मोठं भगदाड होतं. भिजलेल्या शीटरॉकचा, म्हणजे छताच्या जिप्समच्या फळीचा, तुकडा आणि इन्सुलेशनचा ओला लगदा अजून पलंगावरच पडला होता. फोटोंसाठी समीरने उचलू दिला नव्हता. उशीवर सशाचं चित्र होतं. अशी पडझड मी पुष्कळ पाहिली आहे आणि बघताना काही वाटत नाही. त्या दिवशी मी ती उशी उलटी करून ठेवली.

"कशानं होते हे, ताई?" काकांनी विचारलं.

"माळ्यावर गेल्याशिवाय सांगता यायचं नाही, काका."

"पोरीचा जीव वाचला," ते म्हणाले. "नाहीतर काय केलं असतं आम्ही."

पॅसेजमध्ये छतातून ओढून काढायची शिडी होती. मी वर गेले. टॉर्च मारला आणि पहिल्यांदा मॅन्युएलचं काम पाहिलं. त्यात खोट नव्हती. वळचणीला हवेची वाट मोकळी होती, आढ्यालाही. हे मी खाली उभ्या असलेल्या मॅन्युएलला ओरडून सांगितलं आणि तो पॅसेजमध्येच जमिनीवर बसला. पण पलीकडच्या टोकाला प्लायवूड काळं पडलं होतं. छपरातून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर हिम धरलं होतं. म्हणजे दमट, गरम हवा तिथे कितीतरी दिवस येत होती. असा माळा नेहमी कुबट, बुरशीचा वास मारतो. तिथे मला उदबत्तीचा वास आला. उदबत्ती आणि कापूर.

मी तुळयांवरून रांगत निघाले. समोर, अगदी छपराच्या उताराखाली, उजेडाची एक फट दिसली. इथल्या बऱ्याच घरांत माळ्यावर चढायला मोठ्या शिडीशिवाय एखाद्या कपाटाच्या छतातही छोटं झाकण असतं. लाकडाचा चौकोन नुसता चौकटीवर ठेवलेला. ते झाकण बाजूला सरकलेलं होतं. मी त्याच्या कडेला पोचले आणि खाली डोकावले.

खाली देव होते. पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, लहानशी समई, फुलं. देवांकडे वरून पाहण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी चटकन मागे झाले, पाय लागेल की काय अशा भीतीने. पुन्हा डोकावले तर देवांशेजारी काका उभे होते आणि मान वर करून माझ्याकडे बघत होते.

"ते झाकण मीच सरकवतो," ते म्हणाले.

मी खाली त्यांच्या खोलीत गेले. आपल्यापैकी कितीतरी जणांकडे देव क्लोजेटमध्येच, म्हणजे भिंतीतल्या कपड्यांच्या कपाटातच, असतात. कपडे काढायचे, एक चौरंग ठेवायचा, झालं देवघर. काकांनी आपल्या खोलीतला क्लोजेट असाच मांडला होता. मला पलंगावर बसायला सांगून ते स्वतः खुर्चीत बसले आणि काही न लपवता सांगू लागले.

मागच्या हिवाळ्यात, मार्गशीर्षात, त्यांनी धूप जास्त घातला आणि स्मोक अलार्म वाजला. घरात एकटेच. अलार्म बंद कसा करायचा ते माहीत नाही. तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला. लाल गाड्या आल्या, शेजारी अंगणात जमले, कानटोपी घातलेले काका भर थंडीत रस्त्यावर उभे. समीर ऑफिसातून धावत आला. ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरीवरची समई आणून दिली. प्लास्टिकची ज्योत, लुकलुकणारी.

"मी देव मानत नाही, ताई," काका म्हणाले. "कधीच मानला नाही. हे हिचे देव आहेत. नागपूरहून येताना मी त्यांना घेऊन आलो, कारण जायच्या आधी हिने तेवढंच मागितलं. दोन वेळा दिवा, एक उदबत्ती. आता माझ्या भरवशावर आलेत ते. त्यांच्यासमोर बॅटरी लुकलुकवायची मला लाज वाटे."

"मग अलार्म काढून नाही ठेवलात?"

"नातीच्या घरातला अलार्म काढीन का मी?" ते जरा रागावलेच. "तेवढी अक्कल आहे. धूर वर जाईल अशी सोय केली फक्त. काठीनं झाकण सरकवायचं. आधी रोज लावून टाकायचो. मग खांदा धरला. मग राहिलंच ते उघडं."

यंदाचा सगळा हिवाळा राहिलं होतं. खोलीतली गरम हवा त्या चौकोनातून अखंड वर जात होती. आणि त्या उताराच्या खालच्या टोकाला, भिंतीपलीकडे, रियाची खोली होती.

गिऱ्हाइकांना समजावून सांगणं हे माझं रोजचं काम होतं. माझी ती वाक्यं पाठ होती: गरम हवा, वितळलेला बर्फ, थंड वळचण. पण काकांच्या समोर ती कशी म्हणायची? आणि न सांगावं तर मॅन्युएल पॅसेजमध्ये बसला होता. खोटं बोलायला मला वाव नव्हता, हे एका परीने बरंच झालं. मी सुरुवात केली. बर्फ वितळतो, कडेला गोठतो, तिथे बांध तयार होतो, एवढं म्हणाले आणि काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"मागचं पाणी चढतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि मग पाझरतं."

"हो, काका."

माणसाने आयुष्यभर बांध घातले होते. बांधाच्या मागे पाणी काय करतं, हे त्यांना मी काय सांगणार? बाकीचं सगळं त्यांनी स्वतःच जोडलं. मी बघत होते. त्यांची नजर झाकणाकडे गेली, मग भिंतीकडे, भिंतीपलीकडच्या खोलीकडे. एखाद्याला न समजण्याचा फायदा असतो. थोडा वेळ तरी मिळतो. काकांना तेवढाही मिळाला नाही.

"म्हणजे पोरीच्या उशीवर ते मी पाडलं," ते म्हणाले.

मी म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं. मी म्हणाले, इथे पन्नास वर्षं राहिलेल्यांनाही हे माहीत नसतं. सगळं खरंच होतं. त्यांच्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. ते काठी घेऊन उठले.

"समीरला मी सांगतो. तुम्ही फक्त थांबा. तो तुमच्या माणसाला दोष देऊन राहिला, ते आधी मिटवू."

समीर कॉल संपवून खाली आला तेव्हा काका डायनिंग टेबलपाशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मॅन्युएलला त्यांनी आत बोलावून घेतलं, आणि त्याला कळावं म्हणून आधी इंग्रजीत म्हणाले, तुझं काम चांगलं आहे, चूक माझी आहे. मग मराठीत समीरला सगळं सांगितलं, एखाद्या कामाचा अहवाल द्यावा तसं, मागचंपुढचं न लपवता.

समीर ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाबा, सीरियसली? मी तुम्हाला एलईडी आणून दिली होती ना? रिया त्या बेडवर झोपते, बाबा."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. काकांना निदान काही बोलता तरी आलं असतं. ते "हो" म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

समीर खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मॅन्युएलला सॉरी म्हणाला. मला म्हणाला, "मावशी, मी त्यांना ब्लेम नाही करत. पण काल रात्रीपासून मला तेच दिसतंय. तो पिलो." तोही बाप होता. मला त्याचा राग आला नाही.

मग मी माझं काम केलं. कामाचं सुख हे की ते कुठून सुरू करायचं ते ठाऊक असतं. वळचणीवरचा बांध आम्ही वाफेने सोडवला. कुऱ्हाड-हातोड्याने फोडला तर शिंगल्स फुटतात. कुजलेलं प्लायवूड बदललं, ओलं इन्सुलेशन काढून नवं घातलं, रियाच्या खोलीचं छत केलं. राहिलं ते झाकण. समीर म्हणाला, "ते सील करून टाका, परमनंट."

"करते," मी म्हणाले. "पण धुराला वाट द्यायला हवी."

"नको मावशी. एलईडी आहे ना."

मी एरवी गिऱ्हाइकाच्या घरगुती गोष्टींत तोंड घालत नाही. त्या दिवशी घातलं. म्हणाले, "समीर, तुझी आई तिथे दिवा लावायला सांगून गेली आहे."

त्याला हे माहीत नव्हतं. काकांनी ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या पिढीचे पुरुष असल्या गोष्टी छपराच्या बाईला सांगतात, मुलाला सांगत नाहीत. समीर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "करा मावशी. जे लागेल ते करा. सेफ पाहिजे फक्त."

मग मॅन्युएलने आणि मी ते देवघर असं केलं की माझ्या सगळ्या नोकरीत तेवढं मन लावून काही केलं नसेल. झाकणाला चारी बाजूंनी रबराची पट्टी, वर इन्सुलेशनची जाड पेटी. छतात छोटा पंखा, त्याला जाड वेष्टनाची नळी, आणि ती नळी माळ्यावर न सोडता थेट भिंतीबाहेर काढलेली. भिंतींना दगडी फरशी. समईखाली खोल पितळी परात. दिवा चालू असताना माणूस खोलीत हवं आणि क्लोजेटचं दार उघडं हवं, एवढ्या दोन अटी. शेवटी मी मुद्दाम मूठभर उदबत्त्या एकदम पेटवून धूर केला. पंख्याने तो सगळा ओढून घेतला. अलार्म वाजला नाही. समीरने टाळी वाजवली. काका खुर्चीत बसून होते. त्यांनी मान हलवली आणि आभार मानले, अगदी रीतसर.

पुढच्या हिवाळ्यात पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा कुणी बोलावलं नसताना मी तिकडे गेले. छप्पर सगळीकडून सारखं पांढरं होतं, वळचणीला एक पागोळी नव्हती. मला बरं वाटलं. बेल वाजवली. काकांनीच दार उघडलं. आधीपेक्षा वाळले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"काय म्हणते देवघर?" मी विचारलं आणि त्यांच्या मागोमाग खोलीत गेले.

क्लोजेटचं दार उघडं होतं. देव स्वच्छ होते, ताजी फुलं होती. मधोमध प्लास्टिकची समई लुकलुकत होती. पितळी परातीत धुळीचा पातळ थर होता. पंख्याच्या बटणावरचं नवेपणाचं पातळ प्लास्टिक अजून तसंच होतं. मी दाबून बघितल्यानंतर ते कुणी दाबलंच नव्हतं.

"काका, पंखा बिघडलाय का?"

"नाही. उत्तम काम आहे तुमचं."

"मग?"

ते खुर्चीत बसले. "काडी ओढली की मला ती उशी दिसते. हात चालत नाही. कितीदा बसलो समईसमोर. हिची क्षमा मागतो आणि बॅटरी लावतो." मग थोडं हसले. "समीर विचारतो, बाबा, दिवा लावला का? मी हो म्हणतो. एवढा खर्चाचा, कष्टाचा घाट घातला त्यानं. त्याला काय सांगू?"

आता मी काही फार देवाधर्माची बाई नाही. आमच्या घरी दिवा लावतात माझे यजमान, आणि मी बाहेरून चपला न काढता हाक मारते म्हणून माझ्यावर चिडतात. पण त्या क्षणी मला सहन झालं नाही. छप्पर दुरुस्त करून मी निघून गेले होते आणि गळती इथे चालूच होती. माझ्या सगळ्या पट्ट्या आणि नळ्या तिच्यापुढे कुचकामी होत्या.

"काडेपेटी कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी चौरंगाखाली बोट दाखवलं. मी ती प्लास्टिकची समई बंद करून बाजूला ठेवली. परात पुसली. खऱ्या समईत तेल घातलं, वात केली. माझी वात जाडीभरडी झाली. पंखा लावला. काडी ओढली. वात तेल प्यायली आणि पेटली. तिच्यावर उदबत्ती धरली. निळसर धूर सरळ वर गेला आणि पंख्यात शिरला.

मी वळले. काका क्लोजेटच्या दारात उभे होते. त्यांनी हात जोडले नव्हते. देवांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ते मान वर करून बंद झाकणाकडे बघत होते, श्वास रोखून. मीही त्यांच्या शेजारी जाऊन तशीच उभी राहिले. झाकण जागच्या जागी होतं. अलार्म गप्प होता. भिंतीपलीकडे, रियाच्या खोलीतही, कसलाच आवाज नव्हता. उदबत्ती पुरती जळून जाईपर्यंत आम्ही दोघं वर बघत उभे होतो.

मग त्यांनी मान खाली घेतली आणि समईकडे पाहिलं.

"संध्याकाळी पुन्हा लावावा लागतो," ते म्हणाले.

"संध्याकाळी मी नसेन, काका."

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि माझ्यापुढे हात केला. मी काडेपेटी त्यांच्या हातावर ठेवली.